मदत हवी आहे: मायफर्ड एमएल ७ लेथच्या स्पिंडलमधला प्ले (ठाणे)

नमस्कार मंडळी,

वागळे इस्टेटमधलं एक छोटं वर्कशॉप बंद झालं. तिथला मायफर्ड एमएल ७ लेथ (धातू फिरवत ठेवून कापायचं यंत्र) भंगाराच्या टेम्पोत चढायच्या आत मी वजनाच्या भावाने उचलला. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळ बीस्टनला, दुसऱ्या महायुद्धानंतर बनू लागलेला हा लेथ. सेंटरची उंची साडेतीन इंच, लीडस्क्रूला (हत्यार सरकवणाऱ्या लांब स्क्रूला) इंचाला ८ आटे. वरचा गंज रॉकेल लावून काढला, खालचं बीड ठणठणीत आहे. चेंज गिअरचा (वेगवेगळे आटे पाडायला बदलायच्या चाकांचा) अख्खा संच सोबत मिळाला!

अडचण स्पिंडलची, म्हणजे चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याची आहे; त्यात प्ले आहे, तो बेअरिंगमध्ये सैल हलतो. चकमध्ये (काम पकडणाऱ्या जबड्यात) सळई धरून वर उचलली की डायल गेज ४ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) दाखवतो. या मॉडेलमध्ये स्पिंडल व्हाइट मेटलच्या (मऊ मिश्रधातूच्या) दुभागी बेअरिंगमध्ये फिरतो आणि वरच्या झाकणाखाली, म्हणजे टोपीखाली, पातळ थरांचे शिम (फट राखणाऱ्या पट्ट्या) असतात. बेअरिंग झिजलं की एकेक थर सोलायचा, टोपी तेवढी खाली बसते. माझ्याकडे पुढच्या टोपीखाली शिमच्या जागी डब्याच्या पत्र्याचे तुकडे निघाले, वर लाल छपाई अजून दिसते. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक! टोपी तिरकीच बसत होती. स्पिंडलला निळा (कुठे टेकतं ते दाखवणारा रंग) लावून फिरवला तर खालच्या पाकळीत (बेअरिंगच्या अर्ध्या भागात) रंग फक्त कडेला उमटतो, मधे कोरडं.

इथले मिस्त्री म्हणतात, बोअर (बेअरिंगचं भोक) मोठा करून बॉल बेअरिंग टाका. मला ते अजिबात करायचं नाही. व्हाइट मेटलमध्ये स्पिंडल तेलाच्या थरावर फिरतो आणि फिनिश सुरेख येतं. शिवाय मूळ हेडस्टॉकचं (स्पिंडल बसतो त्या भागाचं) कास्टिंग एकदा कापलं की गेलंच.

तर आधी दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे पितळी शिम घालून निळ्यावर बघत पाकळ्या स्क्रेप कराव्यात (हाताने थोड्या थोड्या खरवडून नीट टेकवाव्यात), की इतकी झीज असेल तर थेट नवं व्हाइट मेटल ओतून घ्यावं? ओतायचंच ठरलं तर रबाळे, महापे, तुर्भे भागात एवढं लहान काम घेणारं कुणी आहे का? पंपांची मोठी बेअरिंग करणारे एका जोडीसाठी भट्टी लावायला तयार होत नाहीत.

हाताने स्क्रेपिंग केलेले कुणी निवृत्त फिटर काका ओळखीचे असतील तर जरूर कळवा. काम त्यांनी करावं असा आग्रह नाही. शेजारी बसून मला शिकवलं तरी पुरे, त्यांच्या सोयीच्या वेळी गाडी घेऊन न्यायला येईन. मशीन कळव्यात तळमजल्यावर आहे, निळ्याचे फोटो खाली टाकतो.