तिसरीच्या गणितात खेळ: सराव की नुसता गोंगाट?

गोदाकाठ
दशक मोडून वजाबाकी शिकवायची तर वहीआधी काड्यांचा खेळ घ्यावा, असं माझं ठाम मत. चौघांचा गट. प्रत्येकाला आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे, रबर लावून. सुटी काडी एकही द्यायची नाही. फासा टाकायचा, पडेल तेवढ्या काड्या मधल्या डब्यात. पहिल्याच डावाला गठ्ठा सोडावा लागतो. ज्याच्या काड्या आधी संपतील तो जिंकला.

वहीवाला
सर, हिशोब करून बघा. तासिका ३५ मिनिटांची, वाटप-आवराआवरीत १० गेली. उरलेल्या २५ मिनिटांत अर्ध्या मिनिटाला एक डाव धरला तरी एकेकाच्या वाट्याला बाराच. फाशाची सरासरी साडेतीन, म्हणजे ५० काड्या संपायला चौदा-पंधरा डाव लागणार. खेळ अर्धवट राहतो, घंटा होते. तेवढ्या वेळात वहीत वीस वजाबाक्या होतात आणि तपासताही येतात. खेळात गटातलं हुशार पोर सगळ्यांची उत्तरं देऊन मोकळं होतं, ते कोण तपासणार?

गोदाकाठ
मग तीनच गठ्ठे द्या, नऊ-दहा डावांत संपतो. आणि काड्या टाकण्याआधी पाटीवर मांडायचं: ३० – ४ = २६. पाटी कोरी तर डाव बाद. तपासायला पाट्या आहेतच.

सिडकोतली_ताई
मला दोघांचंही अर्धंच पटतं. खेळाला नाही, फाशाला माझा आक्षेप आहे. बेरजेच्या सरावाला दोन फासे घेतले तरी बेरीज १२ च्या पुढे जातच नाही. दहा ओलांडणाऱ्या जोड्या ३६ पैकी फक्त ३: ५+६, ६+५, ६+६. मुलं जिथे अडतात ते ८+७, ९+६ कधी येतच नाही! त्यापेक्षा पत्ते घ्या. राजा, राणी, गुलाम काढले की ४० उरतात, दोन जोड्यांना वीस-वीस. ७ चा पाढा हवा तर मध्ये सत्ती उघडी ठेवायची. दोघांनी एकेक पान उलटायचं, आपल्या पानाला ७ ने गुणून आधी पाटीवर लिहायचं, मग ज्याचा गुणाकार मोठा त्याने दोन्ही पानं घ्यायची. दोघंही एकाच वेळी खेळतात, वाट बघत कोणी बसत नाही.

वहीवाला
ताई, वर्गात पत्ते दिसले तर पालक दारात उभे राहतील.

सिडकोतली_ताई
१ ते १० अंक लिहिलेली पुठ्ठ्याची पानं करा की. नाशकात द्राक्षांच्या खोक्यांना काय तोटा?

पेठ_रस्ता
पुठ्ठा निघालाच आहे तर साप-शिडीचंही बोलू. बाजारातल्या पटावर अंक नागमोडी जातात: एक ओळ उजवीकडे, पुढची डावीकडे. १४ च्या डोक्यावर २४ नसून २७ असतात. दहा मिळवले की थेट वरचं घर, हे त्यावर दिसतच नाही. पट घरी आखा, प्रत्येक ओळ डावीकडून सुरू करा. आणखी एक: पोर १४ वर आहे नि ३ पडले तर सोंगटी सरकवताना ते 'एक, दोन, तीन' म्हणतं. 'पंधरा, सोळा, सतरा' म्हणवून घ्या, नाहीतर नुसतीच सोंगटी सरकते.

वहीवाला
हे मान्य. पण उभ्या मांडणीत एककाखाली एकक लिहिणं यातल्या कुठल्या खेळात येतं? परीक्षेत मार्क तिथे जातात. आठवड्याला एक तास खेळ, बाकी वही, यापुढे मी जाणार नाही.

गोदाकाठ
एक का, दोन द्या. पाटीवर आडव्याऐवजी उभी मांडणी घेऊ.