स्वतःच्या फॅनफिकच्या पहिल्या ओळी तपासणं: कामाचं की रिकामा उद्योग?

तिसरं_गेट
काल इथे कुणीतरी लिहिलं, "आपल्याच फॅनफिकच्या पहिल्या ओळी एकाखाली एक मांडून पॅटर्न शोधणं हा रिकामा उद्योग आहे. पात्रं उसनी, जग उसनं, आणि अभ्यास कशाचा, तर पहिल्या ओळीचा!" वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

फॅनफिक, म्हणजे आवडत्या कथेतली पात्रं आणि जग घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा. त्या लिहिणाऱ्यांत हा खेळ जुना आहे. शेवटच्या दहा-वीस कथांच्या पहिल्या ओळी काढायच्या, सलग वाचायच्या, काय पुन्हा पुन्हा येतंय ते बघायचं. माझ्या कथा दोन जगांतल्या, जादूच्या शाळेच्या आणि व्हॉलीबॉलच्या ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकेच्या. निम्म्याहून जास्त दारात सुरू होतात. कुणी दार वाजवतंय, कुणी उंबऱ्यावर उभं आहे, कुणाची बॅग अजून खांद्यावरच आहे. आणि पात्राचं नाव जवळजवळ प्रत्येक ओळीच्या सुरुवातीलाच.

नावाचं कारण समजतं. स्वतंत्र कथेत 'सुमन' लिहिलं तर वाचकाला काहीच कळत नाही. फॅनफिकमध्ये नाव घेतलं की त्या माणसाचं बालपण, भांडणं, कोण मेलं, कोण उरलं, सगळं वाचक स्वतःच घेऊन येतो. दाराचं तसं नाही. मूळ कथेतल्या दोन प्रसंगांमध्ये जी फट राहते तिथे मी शिरते, आणि शिरायला मला दर वेळी कुणाचं तरी येणं लागतं. माणसं आधीपासून एकत्र बसलेली आहेत, बोलणं अर्धं झालंय, अशी एकही सुरुवात माझ्याकडे नाही. सुट्या कथा वाचून हे कधीच दिसलं नसतं.

शहापूरचा_माग
ती पोस्ट माझी. मागे घेत नाही.

दहा-वीस ओळींत पॅटर्न दिसणारच. ढगाकडे बघत बसलं की हत्ती दिसतो. दुसरं, पहिल्या ओळीला तुम्ही एवढं महत्त्व कशाला देता? एओथ्रीवर, म्हणजे आपण फॅनफिक टाकतो त्या साइटवर, यादीत टॅग दिसतात, सारांश दिसतो. वाचक ते बघून आत येतो, पहिली ओळ बघून नाही.

माझ्या नात्यातली एक मुलगी छान लिहायची. हाच खेळ करून बसली. सगळ्या सुरुवाती हवामानाच्या निघाल्या. मग प्रत्येक नवी ओळ लिहायची, 'हे परत तेच झालं' म्हणून खोडायची. आता काहीच लिहीत नाही. तुमच्या पॅटर्नचा हा हिशेब कोण देणार?

आणि खरं दुखणं वेगळंच आहे. ज्या बेळगावात 1848 पासून सार्वजनिक वाचनालय आहे, जिथे कडोली, उचगाव, येळ्ळूरसारखी खेडी दर वर्षी ग्रंथदिंडी काढून साहित्य संमेलन भरवतात, तिथली पोरं स्कॉटलंडच्या शाळेवर लिहितात. वडगावच्या विणकरांच्या मागावर कुणी लिहायचं?

खानापूर_पाऊस
मागवाले काका, 'उसनी पात्रं' हे कशाला बोललात? गोकाककडे कुळगोडला श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य उभं राहिलं. कृष्ण, रुक्मिणी, सत्यभामा काय कुळगोडचे होते? लोक ते रात्र रात्र बघत बसले. एओथ्रीला 2019 साली ह्यूगो मिळाला, तोही उसन्या पात्रांच्याच कथांच्या संग्रहाला. आणि सुरुवात ठरलेली असणं हा दोष असेल, तर तमाशातला गण आणि गवळण आधी बंद करा.

खरं, तिसरं_गेट, तुलाही एक सांगतो. तुझ्या कथा मी वाचलोय. दाराबाहेर नेहमी बर्फच का गं? टिळकवाडीत वाढलीस तू. आपल्याकडे जुलैमध्ये दोरीवरचे कपडे आठ दिवस वाळत नाहीत, वह्यांना बुरशी येते. ते कुठेच नाही.

निपाणी_नाका
थांबा, थांबा. जादूची शाळा स्कॉटलंडमध्ये आहे. तिथे डिसेंबरमध्ये बर्फ नाही तर काय कणकुंबीचा पाऊस पाडायचा? मूळ जगाचे नियम पाळता येत नसतील तर फॅनफिक लिहू नये. माझा याच गोष्टीवर राग आहे. जो तो पात्रं उचलतो आणि आपल्या गल्लीत आणून सोडतो. नाव तेवढं मूळचं, बाकी सगळं शेजाऱ्याचं.

खानापूर_पाऊस
पाडायचाच! 'पर्यायी विश्व' असा टॅग लावून पाडायचा. तो टॅग त्याच्यासाठीच आहे.

मी पाडलो एकदा. व्हॉलीबॉलची सगळी टीम लेले ग्राऊंडवर आणलो, मैदानात चिखल, सराव बंद. संघाची मॅनेजर मुलगी पहिल्याच ओळीत ओरडते, "थांब की रे, मी येतो!" आपल्याकडे बायका असंच बोलतात. माझी आजी तसंच बोलायची, मी तसंच बोलतो. तर पुण्याच्या एका बाईंची कमेंट, 'पहिल्याच ओळीत लिंगाची चूक, पुढे वाचवलं नाही.' रात्रभर झोप नाही लागली मला. चूक म्हणे!

शहापूरचा_माग
त्या बाईंचं सोडा, पण असं लिहिण्यातही धोका आहे. मालिकांत आपल्याकडचं बोलणं कुणाला देतात? मोलकरणीला, नाहीतर हसवणाऱ्या पात्राला. तुम्ही पण पहिल्या ओळीत ठसका मारता आणि चार ओळींनंतर निवेदन थेट सदाशिव पेठेत. म्हणजे बोली फक्त दाराला तोरण म्हणून.

खानापूर_पाऊस
माझी कथा वाचलात काय? न वाचता बोलू नका. निवेदन पण माझंच आहे, शेवटपर्यंत. इकडे कन्नडवाले म्हणणार तुमची मराठी मराठीच नाही, अर्धी कन्नड आहे. तिकडे पुणेवाले म्हणणार चूक आहे. आणि तुम्ही आपलेच असून तोरण म्हणता?

निपाणी_नाका
भाषेवर घसरलो की झालं, आता पहाटेपर्यंत चालणार. मूळ प्रश्न मूळ जगाच्या नियमांचा होता.

तिसरं_गेट
मूळ प्रश्न पहिल्या ओळींचा होता, आणि खानापूरच्या बोलण्यावरून मी त्या परत काढल्या. या वेळी बोलतं कोण, एवढंच बघितलं.

मुलगे बोलतात. "दार उघड", "तू इथे कसा", "मॅच रद्द झाली". शिक्षक बोलतात. मुलगी एकदाही बोलत नाही. दारात उभी असते, पावलांवरचा बर्फ झटकते, बॅग खाली ठेवते, आणि बोलणं समोरचा सुरू करतो. माझ्या आवडत्या पात्रांत मुलीच जास्त, तरी हे असं.

कारण मला ठाऊक आहे. 'येते' लिहिलं की ते माझ्या कानाला घरचं वाटत नाही. 'येतो' लिहिलं की खाली दुरुस्त्या येतात. मग तिसऱ्या पुरुषात लिहायचं, तिला हालचाल द्यायची, वाक्य दुसऱ्याला द्यायचं. इतकी वर्षं मी ही वाट काढत आलेय आणि तिला माझी शैली समजत होते. मागवाले, तुमच्या ढगातल्या हत्तीला असं कारण असतं का?

शहापूरचा_माग
ठीक आहे. एवढ्या एका गोष्टीपुरतं मानतो, ओळी मांडल्यामुळे कळलं. आमच्या मुलीला फक्त 'हवामान' दिसलं, हवामान का येतंय ते कुणी विचारलं नाही. तिला हे वाचायला देतो. पण वीस ओळी म्हणजे अभ्यास, हे मी मानणार नाही. आणि मागावर लिहायचं राहिलंच आहे, ते विसरू नका.

खानापूर_पाऊस
मग आणा की तिची टीम वडगावात, मागाच्या खडखडाटात. मी वाचतो. आणि गेटबाई, पुढच्या कथेत मॅनेजरला आधी बोलू दे. कमेंटमध्ये कोण आलं तर मला हाक मार, मी बघतो.

निपाणी_नाका
सगळे एकमेकांची पाठ थोपटालेत, पण डिसेंबरमध्ये स्कॉटलंडात कणकुंबीचा पाऊस कसा चालेल, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. टॅग लावला की सगळं माफ, हे मला मान्य नाही. वेगळा धागा काढतोय, तिकडे या.