'अपौरुषेय' म्हणजे 'देवाने लिहिलेलं' का?

प्रश्न : उपनिषदाच्या धाटणीची एक गोष्ट लिहिली आहे. शिष्य समिधा घेऊन येतो, गुरू 'स होवाच' (तो म्हणाला) करत तेच उत्तर तीनदा देतो. मित्र म्हणाला, 'तुला जमलं म्हणजे खरी उपनिषदंही कुणीतरी अशीच रचली असणार. संपलं तुमचं अपौरुषेय!' त्याने शब्द बरोबर वापरला का? आणि माझ्या लेखनाला काय म्हणायचं, प्रक्षिप्त?

– प्रक्षिप्त नव्हे. क्षेपक म्हणायला आधी मूळ ग्रंथ हवा आणि त्यात ते घुसडायला हवं. महाभारत लिहून घ्यायला गणपती बसला ही कथा भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने मूळ संहितेतून काढली, ते क्षेपक. तुमचं ते अनुकरण. जुनं म्हणून खपवलंत तर बनावट.

– 'अपौरुषेय'बद्दल. आपल्याकडे सर्रास 'ईश्वरी' या अर्थाने वापरतात. पण मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या अनुयायांच्या लेखी वेद ईश्वरानेही केलेले नाहीत. त्यांना कर्ताच नाही. वेद ईश्वराने केले असं म्हणणारे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले. मग वेदाच्या एका शाखेला 'काठक' असं कठ या माणसाचं नाव कसं? मीमांसासूत्रकार जैमिनीचं उत्तर दोन शब्दांचं आहे : 'आख्या प्रवचनात्'. कठाने रचली म्हणून नव्हे, शिकवली म्हणून.

तेव्हा मित्राचा बाण भलतीकडे गेला. 'अशी भाषा माणसाला साधणारच नाही' असं म्हणणाऱ्याला तो लागेल. मीमांसकाचा भर भाषेवर नाही, कर्त्याचं स्मरण कुणालाच नाही यावर आहे. मला स्वतःला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. विस्मरण हा अभावाचा पुरावा कसा होईल?

– याला साजेसं एक प्रकरण आहे, 'एझुर्वेदम'. १८व्या शतकातला फ्रेंच ग्रंथ, वेदाचं भाषांतर म्हणून पुढे आलेला. बियाश म्हणजे व्यास विचारतो, शुमोंतू म्हणजे सुमंतू उत्तर देतो आणि मूर्तिपूजा खोडून काढतो. चर्चवर टीका करणारा फ्रेंच लेखक व्होल्तेअर याला हस्तलिखित मिळालं, ते त्याने १७६१ साली फ्रान्सच्या राजाच्या ग्रंथालयात दिलं. बायबलपेक्षा जुनं शहाणपण भारतात आहे, हे दाखवायला त्याला हे आयतंच सापडलं. १७८२ मध्ये सोनेरा या प्रवाशाने लिहिलं की हा वेद नव्हे, मिशनऱ्याचं काम आहे. चर्चला झोडपायला पाद्र्याचंच पुस्तक! पण यातून कळतं ते इतकंच, की धाटणीवरून कर्ता ठरत नाही. एक वेद बनावट निघाला म्हणून ऋग्वेद बनावट ठरत नाही, आणि अपौरुषेयही ठरत नाही.

– आपल्याकडे एकनाथांना ही अडचण ठाऊक होती. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून त्यांनी शेवटी बजावलं :

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाठी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नरोटी म्हणजे करवंटी. ज्ञानदेवांच्या वळणाची ओवी करून ग्रंथात सरकवता येते हे माहीत असल्याशिवाय कुणी अशी तंबी देत नाही.

प्रश्नकर्ता : मग गोष्टीखाली नाव घालतो. आणि मित्राला काय सांगू?

– 'पौरुषेय' म्हण म्हणावं. शब्द कोशात आहे, वापरत कुणी नाही. आणि नुसतं 'निर्विवाद' म्हणायचं असेल तर 'वेदवाक्य' आहेच, तिथे कर्त्याचा वाद येत नाही.