सोमवारी मानसोपचाराच्या हॉस्पिटलात ॲडमिट व्हायचंय, तयारी काय करू?

कॅशियर_शिवाजीपेठ

नमस्कार. वय ४३, पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवाळीनंतर झोप गेली ती गेलीच. नोटांचं बंडल मोजताना मध्येच आकडा सुटतो, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते आणि काउंटरपुढं रांग तटते. जेवण नकोच वाटतं. जगायचा कंटाळा येतो हे डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, घरी गोळ्या बदलत बसण्यापेक्षा थोडे दिवस ॲडमिट व्हा. मी हो म्हटलंय. कोल्हापुरातलंच खासगी हॉस्पिटल आहे, नाव लिहीत नाही.

घरात वेगळंच चाललंय. सासूबाई म्हणतात, आधी नरसोबाच्या वाडीला दर्शनाला जाऊन येऊ. ह्यांचं म्हणणं, "तू कशाला सही करतेस, मी आहे की." मला भीती ही, की एकदा आत गेले की ह्यांनी आणि डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय बाहेरच येता येणार नाही. शॉक देतात का, हे विचारायचं धाडसच झालं नाही.

बॅगेत काय भरू? मंगळसूत्र काढायला लावतात का? संस्थेचा ग्रुप मेडिक्लेम आहे, तो चालतो का? आणि रजेच्या अर्जात काय लिहू? आमच्याकडं एका टेबलावर ठेवलेला कागद संध्याकाळपर्यंत सगळी संस्था वाचते.

रंकाळ्याची_चक्कर

ताई, मीही अशीच स्वतःच्या पायानं गेले होते, म्हणून आधी सहीचं सांगते. बॅग काय, रविवारी रात्रीही भरून होते.

सही तुम्हीच करायची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, ज्याला आपला आजार कळतो आणि उपचार हवेत तो स्वतःच दाखल होतो. ते कलम ८६. मग तुमची संमती असल्याशिवाय औषधोपचार करता येत नाहीत, आणि घरी जायचं म्हणालात तर सोडावं लागतं. जिवाला धोका आहे असं वाटलं तर तपासणीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवू शकतात. पेशंटच्या प्रतिनिधीनं अर्ज करून दाखल करणं निराळं, ते कलम ८९. ते पेशंटला स्वतः निर्णय घेणं जमत नाही अशा वेळी, आणि तेही त्या कलमाखाली ३० दिवसांपर्यंतच. फॉर्म पुढं आला की "हा कुठल्या कलमाखाली?" एवढं विचारा. काउंटरवरचा मुलगा बघतच राहील, बघू दे.

दुसरं, नामनिर्देशित प्रतिनिधी. तुमच्या वतीनं बोलणारा माणूस तुम्हीच नेमायचा. साध्या कागदावर लिहून सही केली आणि त्या माणसानं लेखी होकार दिला की झालं. नवराच हवा असं काही नाही. मी मावशीचं नाव दिलं होतं. ती चार शब्द कमी बोलते आणि डॉक्टरांचं पूर्ण ऐकून घेते. घरच्यांचं तोंड दोन दिवस वाकडं होतं, मग होतं सरळ.

शॉकचं: सगळ्यांना देत नाहीत. द्यायचा ठरलाच तर भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय देणं कायद्यानं बंद आहे. स्पष्ट विचारा, त्यात धाडस कसलं?

वाडीला सासूबाईंना जाऊन येऊ द्या. त्यांनाही काहीतरी करायला हवंय. तुम्ही सोमवार चुकवू नका.

नाईट_ड्यूटी

मानसोपचार वॉर्डात नर्स आहे. नियम हॉस्पिटलागणिक बदलतात, तरी आमच्याकडं बॅग उघडली की आधी काय बाजूला काढतो ते सांगते: ओढणी, पायजम्याची नाडी, काचेच्या बांगड्या, ब्लेड, अत्तराची बाटली, लांब वायरचा चार्जर. म्हणून इलॅस्टिकचे सलवार किंवा गाऊन आणा, चप्पल बिनबंदाची. मंगळसूत्र घरीच ठेवा. काळ्या मण्यांची साधी पोत चालते का ते फोनवर विचारा. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, कुणी गणवेशाची सक्ती केली तर विचारा का म्हणून.

चालू औषधं डब्यात ओतून आणू नका, स्ट्रिपसकट आणा. थायरॉइडची, बीपीची, वैद्यांचा काढा, सगळं. आणि मिश्री लावत असाल तर सांगा. बायका हे हमखास लपवतात, आणि तिसऱ्या दिवशी चिडचिड कशानं होतेय ते कुणालाच कळत नाही. झोपेची गोळी रोज घेत असाल तर तेही सांगा. ती एकदम तोडली तर फिट येऊ शकते.

सोमवारपर्यंत घरातल्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात द्या. मरणाचे विचार वाढले तर सोमवारची वाट बघू नका. डॉक्टरांना फोन करा नाहीतर सरळ सीपीआरच्या (आपल्या सरकारी दवाखान्याच्या) अपघात विभागात जा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

बावड्याचा_पाव्हणा

आमच्या मंडळींना ठेवलेलं, म्हणून पैशाचं बोलतो. वहिनी, मेडिक्लेम चालतोय. शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजाराला द्यायचा, असं त्याच कायद्यात हाय. पण पॉलिसीचा कागद वाचा, आणि ॲडमिट व्हायच्या आधीच कॅशलेसची मंजुरी मागवा. आमची फाइल टीपीएवाल्यानं (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्यानं) "हे बसत नाही" म्हणून परत धाडली. कलम २१ चा दाखला देऊन लेखी कारण मागितलं, तवा गाडी हलली. समुपदेशनाचं बिल बेडच्या भाड्यात धरतात का वेगळं, अनामत किती, आणि सोबतीला घरचं माणूस राहायलाच लागतंय का, हे आजच विचारून घ्या. सोबतीच्या माणसाचं जेवण कुठनं येणार हे कुणी सांगत नाही. पेशंटपेक्षा त्याचेच हाल.

रजेला "वैद्यकीय कारणास्तव" एवढंच लिहा. सर्टिफिकेटवर आजाराचं नाव न घालता द्या म्हणून डॉक्टरांना सांगा, तुमची माहिती गुप्त ठेवायला ते बांधील हाईत. भिशीतल्या बायकांना मात्र ऑपरेशन-बिपरेशन सांगू नका. बघायला येतात ओ, टाके कुठं पडले विचारतात!

कॅशियर_शिवाजीपेठ

सगळ्यांचे आभार. हॉस्पिटलात फोन केला. कलम विचारल्यावर पलीकडून थोडा वेळ आवाजच नाही, मग मॅडमना दिला. त्या नीट बोलल्या. सही माझीच, सोबत बाईमाणूस लागतं, मोबाइल संध्याकाळी तासभर. प्रतिनिधी म्हणून नणंदेचं नाव घातलंय. ह्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "मग मी काय करू?" मेडिक्लेमचं सगळं त्यांच्याकडं दिलंय. गोळ्यांचा डबाही त्यांच्याच कपाटात गेला.

एक राहिलं: घरचा डबा चालतो का? अळणी जेवण मला आधीच जात नाही.

नाईट_ड्यूटी

बहुतेक ठिकाणी चालतो, काचेची बरणी सोडून. पण लिथियम (मन स्थिर ठेवायचं औषध) सुरू झालं तर मीठ आणि पाणी मनानं कमी-जास्त करायचं नाही, आणि डोकं दुखलं म्हणून नणंदेच्या पर्समधली पेनकिलर घ्यायची नाही. आधी आम्हाला विचारायचं. ठेचा आणा थोडा, प्लॅस्टिकच्या डबीत.