‘खोलीत परग्रहवासी आले होते’: अशा अनुभवांची नोंद आणि छाननी कशी करावी?

पेठकर_२
दिवाळी अंकातल्या लेखासाठी पुणे परिसरातून असे अनुभव मागवले आहेत. दोन तऱ्हा ठळक दिसतात. पहाटे जाग आली, हलता येईना, पलंगाशी मोठ्या डोळ्यांची बुटकी आकृती उभी. किंवा सिंहगडाच्या वर रांगेत सरकणारे दिवे, आवाज अजिबात नाही. माणसं शहाणीसुरती आहेत. त्यांना खोटं पाडायचं नाही, पण सगळं जसंच्या तसं छापायचंही नाही. काय विचारावं, काय तपासावं? संमोहनाने ‘उरलेलं आठवेल’ असं एकांनी सुचवलंय.

निशाचर
संमोहनाच्या वाटेला मुळीच जाऊ नका. त्याने तपशील वाढतात, खात्री वाढते. पण मुळातलं कोणतं आणि तिथे बसून तयार झालेलं कोणतं, हे नंतर सांगणाऱ्यालाही कळत नाही. अमेरिकेतल्या बेटी आणि बार्नी हिल या जोडप्याला रस्त्यात प्रकाश दिसला सप्टेंबर १९६१ मध्ये. संमोहन झालं १९६४ मध्ये. मधल्या काळात बेटीला पडलेली, परग्रहवासीयांनी अपहरण केल्याची स्वप्नं बार्नीच्या कानावर गेली होती. संमोहन करणारे डॉ. बेंजामिन सायमन यांचंच मत होतं की अपहरणाचा भाग त्या स्वप्नांतून आला.

आधी मध्ये न बोलता सलग सांगू द्या आणि रेकॉर्ड करा. मग प्रश्न, तेही मोकळे: ‘पुढे काय झालं?’ ‘डोळे मोठे होते का?’ विचारलंत की डोळे मोठे होणारच. नंतर तीन रकाने पाडा. ‘पलंगाच्या कठड्याहून थोडी उंच’ हे दिसलेलं, पहिल्यात. ‘मला तपासत होते’ हे तेव्हा वाटलेलं, दुसऱ्यात. ‘ग्रे जातीचे होते’ (ग्रे म्हणजे गोष्टी-सिनेमांतले करडे, मोठ्या डोळ्यांचे परग्रहवासी) हे नंतर वाचून-ऐकून आलेलं, तिसऱ्यात. साक्षीदार दोन असतील तर वेगवेगळे बसवा आणि बोलण्याआधी चित्र काढून घ्या.

गाढझोप
पहिली तऱ्हा बहुतेक स्लीप पॅरालिसिसची, म्हणजे जाग आली तरी शरीर हलत नाही त्या अवस्थेची. रेम झोपेत, म्हणजे ठळक स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो. कधी जाग आधी येते आणि सैलपणा मागे राहतो. बरगड्यांमधले स्नायूही सैल असतात, श्वास पोटाच्या पडद्यावर चालतो. मुद्दाम खोल घ्यायला गेलं की जमत नाही आणि छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. डोळे उघडे, त्यामुळे स्वप्नातली आकृती खऱ्या खोलीत, खऱ्या कपाटाशेजारी दिसते. रेम रात्रीच्या उत्तरार्धात जास्त, म्हणून पहाट.

विचारा: उताणे झोपला होतात का? आदल्या रात्रींची झोप? रात्रपाळी? अनुभव संपला कशाने, बोट हललं की कुणी हाक मारली? आकृती कुणाची हे मनात आधीपासून काय आहे त्यावर ठरतं. आपल्याकडे हाच प्रसंग भूत छातीवर बसलं म्हणून सांगतात. दिवसा अनावर झोप येत असेल किंवा हसताना गुडघे लुळे पडत असतील, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवा.

ध्रुवतारा
दिव्यांसाठी तारीख, मिनिटापर्यंत वेळ, दिशा आणि क्षितिजापासून किती वर ते घ्या. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश. अंतराचा अंदाज नोंदवू नका, अंधारात एकट्या दिव्याचं अंतर डोळ्याला कळत नाही. त्यापेक्षा विचारा, गडावरच्या टॉवरच्या पुढून गेला की मागून? संध्याकाळनंतर किंवा पहाटेपूर्वीची निःशब्द रांग म्हणजे बहुधा नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह. २०१९ पासून दिसतात. तारीख-वेळ हेवन्स-अबव्ह या उपग्रहांच्या वेळा देणाऱ्या संकेतस्थळावर ताडून पाहा. रांग नसून एकच दिवा पश्चिमेला बराच वेळ थांबला असेल तर स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शुक्र तपासा.

पेठकर_२
एका बाईंना सांगताना अजूनही कापरं भरतं. हा पुरावा धरावा का?

निशाचर
भीती खरी आहे एवढाच. हार्वर्डच्या रिचर्ड मॅक्नॅली यांच्या गटाने २००४ मध्ये अपहरण झाल्याचं मानणाऱ्यांना त्यांचंच कथन ऐकवून हृदयाची गती, घाम मोजला. प्रतिक्रिया खऱ्या आघातातून गेलेल्या रुग्णांइतकी तीव्र होती. म्हणजे कापऱ्यावरून घटना सिद्ध होत नाही आणि ढोंग तर मुळीच ठरत नाही. त्या बाईंना पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, पहिलं रेकॉर्डिंग वापरा. छापताना पहिला रकाना त्यांच्याच शब्दांत द्या, छपाईआधी त्यांना वाचून दाखवा आणि जिथे कुठलंच स्पष्टीकरण बसत नाही तिथे ‘अनिर्णित’ लिहा.