चार्ली गेला की गेली?

आमच्या ‘आजोळ’ ग्रुपवर परवा झालेलं हे बोलणं. मधले सुप्रभातचे फोटो तेवढे काढले आहेत.

मामी: काल रात्री छोटूने टीव्हीवर जुनं ‘बोनान्झा’ लावलं होतं, ती घोडेस्वार-गुराख्यांची अमेरिकन मालिका. १९६३ चा भाग आहे म्हणे. त्यात पोरगा म्हणून जो येतो तो पोरगा नसतोच, ती निघते कॅलॅमिटी जेन. तासाभराच्या गोष्टीत सगळ्यांना कळूनही जातं. मला झोपेपर्यंत एकच विचार. खऱ्या आयुष्यात असं जमेल का कुणाला? चार माणसांत राहायचं, आंघोळ, पाळी, कपडे वाळत घालणं... कुणाच्याच लक्षात येणार नाही?

छोटू: आई, जेन खरी होती. मार्था जेन कॅनरी. १९०३ मध्ये वारली, साउथ डकोटातल्या डेडवुड गावी पुरलंय तिला. पण बाई आहे हे तिने लपवलं नव्हतं, पुरुषांचे कपडे घालायची एवढंच. आणि मालिकेची गोष्ट १८६० च्या आसपासची, तेव्हा ती लहान पोर होती. तिच्या घरचे गेले तेसुद्धा मोंटानातल्या व्हर्जिनिया सिटीला. मालिका घडते ते व्हर्जिनिया सिटी नेवाडातलं.

मावशी: म्हणजे सगळं रचलेलंच.

मी: मामी, जमतं. तासाभरापुरतं नाही, जन्मभर. इथे कॅलिफोर्नियात आमच्या सॅन होजेपासून तासाभरावर वॉट्सनव्हिल म्हणून गाव आहे. तिथल्या जुन्या दफनभूमीत चार्ली पार्कहर्स्टची कबर आहे. मागच्या महिन्यात बघून आले, तेव्हापासून तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

चार्लीचा जन्म १८१२ चा, तिकडे पूर्वेकडे, न्यू इंग्लंडात. नाव शार्लट. आईबाप नाहीत, अनाथाश्रमात वाढलेली. मुलाचे कपडे घालून तिथून पळाली आणि एका तबेल्यात कामाला लागली. लीद काढायची, घोडे धुवायचे. तिथल्या मालकाने हळूहळू लगाम हातात दिले. आधी दोन घोड्यांची गाडी, मग चार, मग सहा. १८४८ नंतर कॅलिफोर्नियात सोन्याच्या मागे माणसांचा लोंढा आला, त्याच सुमारास चार्लीही आला. आणि पुढची कितीतरी वर्षं स्टेजकोच, म्हणजे लांब पल्ल्याची घोडागाडी, चालवली. प्रवासी, टपाल, सोन्याची पेटी, सगळं एकाच गाडीत. एका घोड्याने लाथ मारली त्यात डोळा गेला, मग डोळ्यावर पट्टी. लोक ‘एकडोळ्या चार्ली’च म्हणायचे. तंबाखू चघळायचा, आणि मुक्कामाला इतर गाडीवानांबरोबर न झोपता घोड्यांपाशी झोपायचा असं सांगतात. मामी, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. उन्हाळ्यातसुद्धा हातमोजे काढायचा नाही म्हणे.

रेल्वे आल्यावर गाड्यांचं काम आटत गेलं. मग शेती, लाकूडतोड, गुरं. शेवटी संधिवाताने जखडला आणि डिसेंबर १८७९ मध्ये जिभेच्या कॅन्सरने वारला. शेजारीपाजारी मढ्याला तयार करायला आले, तेव्हा कळलं.

मामी: बाई गं. म्हणजे मेल्यावर.

आई: दुखणं अंगावर काढलं असेल. डॉक्टरकडे गेलं की कपडे काढावे लागतात.

मामा: पोरी, सहा घोडे म्हणजे लगाम किती? कसे धरायचे?

मी: मामा, तीन जोड्या असतात. गाडीलगतची जोडी सगळ्यात ताकदीची, ओढ तिच्यावर. मधली जोडी, आणि पुढची हुशार, वळण ती घेते. प्रत्येक घोड्यामागे एक, असे सहा लगाम. डाव्या हातात तीन, उजव्या हातात तीन, बोटांच्या मधून ओवलेले. ब्रेकचा दांडा उजव्या पायाशी. गाडीला लोखंडी स्प्रिंग नाही, चामड्याच्या जाड पट्ट्यांवर सगळा सांगाडा लोंबतो. न्यू हॅम्पशरमध्ये बनायच्या त्या गाड्या, कॉन्कॉर्ड गावात. रिकामी गाडीच हजार किलोच्या वर.

मामा: मग मी सांगतो. बैलगाडीला दोन कासरे असतात तेच चुकले की बैल बांधावर. सहा लगाम बोटांत धरून डोंगर उतरायचा, तोही एका डोळ्याने. एका डोळ्याने वळणाचं अंतर कळत नाही. मी ३१ वर्षं एसटी चालवली, चिपळूण–कराड, कुंभार्ली घाटातून. पावसाळ्यात पोफळी गाव सोडलं की समोर नुसतं पांढरं. तिथे डोळ्यावर गाडी चालत नाही, बुडाखाली जे कळतं त्यावर चालते. ज्या गियरमध्ये घाट चढलास त्याच गियरमध्ये उतरायचा. ब्रेक दाबून बसलास तर लायनर तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. त्याच्याकडे गियर कुठला, मागची जोडी रेटून धरणार आणि पाय दांड्यावर. संध्याकाळी खांदे कसे भरून येत असतील ते मला माहीत आहे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी अजून सकाळी माझी उजवी मूठ नीट मिटत नाही. मागे बसलेल्या माणसाला फक्त वेळेत पोचायचं असतं. चालवणारा कोण आहे हे त्याने कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून लपलं असेल ते.

मामी: हे बरोबर बोललात.

छोटू: ताई, एक विचारू? तू चार्लीबद्दल सुरुवातीला ‘पळाली’ लिहिलंस आणि पुढे ‘आला’, ‘वारला’.

मी: हो रे. लिहिताना तिथेच अडले. इंग्रजीत ‘ड्राइव्हर डाइड’ म्हटलं की भागतं. मराठीत क्रियापद सोडतच नाही. गेला की गेली, एक काहीतरी म्हणावंच लागतं. आदराने म्हणावं तरी वारले की वारल्या आहेच.

छोटू: ‘तो’च म्हणायला पाहिजे. पन्नासएक वर्षं ज्याने स्वतःला चार्ली म्हणवून घेतलं, त्याचं वेषांतर होतं असं आपण का ठरवायचं? टीव्हीवर ठरलेलं असतं. टोपी पडते, केस मोकळे होतात, हिरो बघत राहतो, शेवटी झगा घालून बाई घरी. २०१४ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीवर ‘स्ट्रेंज एम्पायर’ मालिका आली होती, त्यात मॉर्गन फिन म्हणून आहे. तो पुरुष म्हणूनच जगतो.

मावशी: छोटू, मला नाही पटत. ३४ वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलंय मी. बाईने काही केलं की ते बाईच्या नावावर लागतच नाही. इथे एका अनाथ मुलीने सहा घोडे हाकले, जमीन केली, आणि तू म्हणतोस ‘तो’ म्हणा? तिला पगार मिळावा म्हणून तिने हे केलं नसेल कशावरून? मुलगी म्हणून काय मिळालं असतं तिला? धुणी-भांडी नाहीतर लग्न.

मी: मावशी, कॅथे विल्यम्सच्या बाबतीत तुझं अगदी खरं आहे. मिझुरीत गुलामगिरीत जन्मलेली. १८६६ मध्ये सेंट लुइसला ‘विल्यम कॅथे’ म्हणून सैन्यात भरती झाली, ३८ व्या पायदळात. पलटणीत तिचा एक चुलतभाऊ आणि एक मित्र, दोघांनाच माहीत होतं, आणि दोघांनीही तोंड उघडलं नाही. दोन वर्षांनी डॉक्टरला कळलं तेव्हा सैन्यातून काढलं. तिने स्वतःच १८७६ मध्ये वर्तमानपत्राला सगळं सांगितलं, की मला कुणावर अवलंबून राहायचं नव्हतं. पुढे आजारी असताना पेन्शन मागितली, ती नाकारली. तिला मी ‘ती’ म्हणते, कारण तिने सांगितलं. चार्लीने काहीच सांगितलं नाही. एक ओळ लिहून ठेवलेली नाही.

आई: त्या दगडावर काय लिहिलंय?

मी: गिलरॉयहून माउंट मॅडोनाच्या वळणांनी गेले मी, मुद्दाम. चार्ली त्याच डोंगरातून गाडी नेत असे असं दगडावर आहे. उतरलं की स्ट्रॉबेरीची शेतं सुरू होतात. दगड १९५५ मध्ये तिथल्या इतिहास मंडळाने बसवला. त्यावर असंही आहे की नोव्हेंबर १८६८ मध्ये मत देणारी ही अमेरिकेतली पहिली स्त्री.

मावशी: बघ! हे सांगायचं सोडून लगाम सांगत बसलीस.

मी: कारण ते तसं नाही मावशी. १८६७ च्या मतदार यादीत नाव आहे, चार्ल्स पार्कहर्स्ट, शेतकरी. पण मत दिल्याचा कागद नाही. आणि न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या एकट्या बायका १८०७ पर्यंत मत देत होत्या. ‘पहिली’ काही खरं नाही. मात्र कॅलिफोर्नियात बायकांना मत मिळालं १९११ मध्ये. चार्लीचं नाव यादीत चढलं त्यानंतर ४४ वर्षांनी.

मावशी: मग यादीत नाव आहे तेवढं मला पुरे. मी ‘ती’च म्हणणार.

मामी: मला दुसरंच विचारायचंय. घरची माणसं नव्हतीच का कुणी?

मी: शरीर तपासणाऱ्या डॉक्टरने सांगितलं की कधीतरी बाळंतपण झालेलं आहे. तसं तेव्हाच्या पेपरात आलं.

मामी: आणि बाळ?

मी: त्याचं काहीच कुठे नाही मामी.

(यानंतर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मामाचा निरोप रात्री साडेदहाला आला.)

मामा: दुपारपासून डोक्यातून जात नाही. आमच्या डेपोत ड्यूटीच्या कागदावर जे नाव असेल त्याच नावाने हाक मारायचो. मी चार्लीला चार्लीच म्हणेन. पोरी, परत त्या बाजूला गेलीस तर वळणांचा व्हिडिओ काढ, उतरतानाचा. चालवताना नको, जावयांना चालवायला सांग. उतार किती आहे ते मला बघायचंय.

मी: शनिवारी जातो मामा.