सलोनिकाचा शनिवार

दोन महायुद्धांमधलं युरोपातलं ज्यू जीवन म्हणजे यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची जर्मनशी नातं असलेली भाषा) बोलणारं वॉर्सा नि विल्ना (आजचं व्हिल्नियस), असं काही जण म्हणतात. बरोबर आहे, पण अर्धंच. ग्रीसमधल्या सलोनिकाचे (थेसालोनिकी) बहुतेक ज्यू लादिनो बोलत, म्हणजे १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्यांनी सोबत आणलेली जुनी स्पॅनिश.

या गावाचं बंदर शनिवारी बंद असे! कारण शनिवार हा ज्यूंचा धार्मिक विश्रांतीचा दिवस, आणि गोदीतले हमाल, नावाडी, कोळी यांत ज्यूंचाच भरणा. (हमाल हा शब्द लादिनोतही आहे. मूळ अरबी, आपल्याकडे आला तसाच तिकडे गेला.) शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून अंडी कांद्याच्या सालींसह शुक्रवारी रात्रीच मंद आचेवर ठेवून देत. सकाळी आतला पांढरा भागही तपकिरी झालेला असे.

१९१७ च्या आगीत शहराचा मधला भाग जळाला, बेघरांत बहुसंख्य ज्यू. १९२३ नंतर आशिया मायनरमधून ग्रीक निर्वासितांचे लोंढे आले आणि ज्यू आपल्याच गावात अल्पसंख्य झाले. १९२४ मध्ये रविवारच्या सुट्टीची सक्ती झाली. माझ्या मते खरा घाव हाच. शनिवार पाळणाऱ्याचा आठवड्याला एका दिवसाचा धंदा बुडायला लागला. १९३१ मध्ये कॅम्पबेल ही गरीब ज्यूंची वस्ती जमावाने पेटवली. मग बरेच जण पॅलेस्टाईनला, फ्रान्सला गेले. हैफाच्या नव्या बंदरावर तर सलोनिकाचे गोदी कामगार मुद्दाम नेले होते.